मिरचीच्या मलमाचे वाटे

मी लोकांना दुखवून पोट भरतो. हे वाक्य मी एकदा आमच्या मेबल सिस्टरना ऐकवलं, तेव्हा त्या कुणाच्या तरी दंडाला बीपीचा पट्टा बांधत होत्या. फुगा दाबता दाबता त्या म्हणाल्या, "डॉक्टर, कन्फेशन ऐकायला चर्चमध्ये फादर बसतात. मी फक्त बीपी घेते. आणि आज तुमचंच वाढलेलं दिसतंय."

तरीही सांगतो, कारण ते खरं आहे. मी मज्जातंतूंचा डॉक्टर. राहतो कुडाळला, आणि आठवड्यातून एक दिवस मालवणात बंदराजवळच्या दवाखान्यात बसतो. तिथे माझ्याकडे येतात ते तुटलेल्या, चेपलेल्या, ओढल्या गेलेल्या मज्जातंतूंचे धनी. दोरात बोट अडकलेले, विळीवर हात गेलेले, माडावरून पडलेले. आमच्याकडे या सगळ्याला एकच शब्द आहे, शीर. रक्तवाहिनी ती शीर, मज्जातंतू ती शीर, आणि पायात गोळा आला तरी 'शिरेर शीर चडली'. माझी निम्मी ओपीडी 'ही ती शीर नव्हे' हे समजावण्यात जाते.

कातडी कापली तर भरून येते, हाड मोडलं तर सांधतं. मज्जातंतूही पुन्हा वाढतो, पण नखाच्या गतीने, आणि कधी कधी वाट चुकतो. मग गंमत सुरू होते. गंमत म्हणजे ज्याला होते त्याच्यासाठी नव्हे. जखम बरी झालेली असते, वण पांढरा पडलेला असतो, आणि तरी पंख्याचं वारं लागलं की हात पेटतो. मी रुग्णांना कुत्र्याचं उदाहरण देतो. पडवीत कुत्रा असतो. एकदा घरात चोर शिरतो. त्या दिवसापासून कुत्रा पोस्टमनवर भुंकतो, मांजरावर भुंकतो, वाऱ्याने हललेल्या झावळीवर भुंकतो, आणि शेवटी खुद्द मालकावरही. चोर कधीच निघून गेलेला असतो. भुंकणं राहतं. मी त्या भुंकण्याचा अभ्यास करतो.

आता भुंकणं मोजायचं तर कुत्र्याला डिवचावं लागतं. इथेच माझी टोचणी सुरू होते. आमच्याकडे बारीक-जाड नायलॉनच्या तारा असतात, दांडीला बसवलेल्या. त्या कातडीवर टेकवून विचारायचं, हे कळलं का, हे दुखलं का. परदेशातून आणलेला माझा महागडा संच मालवणच्या दमट हवेत एका पावसाळ्यात वाकडा झाला, आणि रुग्णांनी तो पाहून विचारलं, "डॉक्टरानू, तंगूस कित्याक लावतास हाताक? माशे गावतले?" तंगूस म्हणजे गळाची दोरी. त्यांच्या घरात ती रिळांनी पडलेली. तेव्हापासून माझ्या ओपीडीला 'तंगूसवालो दवाखानो' असं नाव पडलं आहे.

दुसरा प्रश्न, दहापैकी किती दुखतं. हा प्रश्न मालवणात विचारू नये. इथे रोज संध्याकाळी माशांचा लिलाव होतो, आणि आकडा उच्चारला की लोकांचं रक्त सळसळतं.

शेवंताकाकी पहिल्यांदा आल्या तेव्हा मी तो विचारला. मासे विकणाऱ्या, पन्नाशीच्या, आवाज धक्क्यावरून किल्ल्यापर्यंत जाईल असा. पण डावा हात छातीशी धरलेला, जणू हातात तान्हं मूल आहे. मासळीच्या पाण्यावरून पाय घसरून त्यांचं मनगट विळीवर पडलं होतं. शस्त्रक्रिया चांगली झाली होती, बोटं हलत होती. फक्त मनगटापासून करंगळीपर्यंत पदराचं टोक लागलं तरी त्या किंचाळत. सोबत नवरा होता, बाबुली. रापणीच्या जाळ्यावरचा माणूस, बोलण्यात पटाईत.

"दहापैकी किती?" मी विचारलं.

"नऊ," काकी म्हणाल्या.

"नऊ नको गो," बाबुली म्हणाला. "सात सांग. डॉक्टराक जरा बरा वाटात."

"तुका दुखता काय मेल्या?"

"साडेसात! साडेसात एक वार, साडेसात दोन वार..."

"आठ," काकी म्हणाल्या आणि स्वतःच हसल्या. मी कागदावर आठ लिहिलं. ते शास्त्रीय नव्हतं, याची मला अजून लाज वाटते.

मग हसणं थांबवून काकींनी खरी गोष्ट सांगितली. त्या हातात त्यांना बांगडी सहन होत नव्हती. एकही नाही. उजव्या हातात भरगच्च आणि डावा मोकळा असा हात घेऊन त्या बाजारात बसत, आणि गिऱ्हाईक बायका कुजबुजत. एकीने तर नवऱ्याबद्दल तोंडावरच विचारलं होतं, "गो शेवंते, घोव आसा मा गो?" त्यावर मागून, बर्फाच्या पेट्यांआडून बाबुली ओरडला होता, "आसंय, आसंय! बर्फ फोडतंय!"

"त्याचा माका कायच वाटणा नाय," काकी म्हणाल्या. "पण तुळशीची लग्ना झाली की चेडवाचा लगीन आसा. माझो हात बरो नाय झालो तरी चलात, डॉक्टरानू. पण चेडवाच्या लग्नाक ह्या हातात चुडो भरूक होयो."

लग्नाआधी कासार घरी येतो आणि नवरीबरोबर घरच्या सगळ्या बायकांना हिरव्या बांगड्या भरतो. नवरीच्या आईचा एक हात तसाच राहिला तर कोण काय बोलेल ते सांगायला नको. आणि कासार काही बांगडी हातावर ठेवत नाही. हात दाबून, आवळून, चारी बोटं एकत्र मुडपून ती चढवतो. ज्या हाताला कापसाचा बोळा लावला की किंकाळी येते, त्या हातावर.

मी म्हटलं, प्रयत्न करू. घरी जाऊन जेवताना पुन्हा आठवलं, की मी 'करू' म्हटलं, 'बघू' नाही. रात्रभर कूस बदलत राहिलो.

त्याच सुमाराला माझा अभ्यास सुरू व्हायचा होता. मिरचीत जे झोंबतं, त्याच्या सत्त्वाचं मलम. हे मी शोधलेलं नाही, जगात अनेक जण ते वापरतात. कल्पना अशी की कुत्र्याला भुंकून भुंकून दमवायचं. झोंबणारी वस्तू रोज लावत राहिलं तर वेदनेच्या तंतूंची टोकं थकतात आणि गप्प बसतात. मला पाहायचं होतं, की दोरांनी, विळ्यांनी आणि खाऱ्या पाण्याने झालेल्या आपल्याकडच्या दुखण्यांवर ते किती चालतं. त्यासाठी निम्म्या लोकांना खरं मलम आणि निम्म्यांना दिसायला तसंच पण फिकं. कुणाला कोणतं ते चिठ्ठीवर. मला माहीत नाही, मेबल सिस्टरना माहीत नाही, रुग्णांना माहीत नाही. ट्यूबा मुंबईहून भरून, फक्त आकडा घालून येणार. नेहमीच्या गोळ्या आणि हाताचे व्यायाम सगळ्यांचे चालूच राहणार.

फिक्या मलमातही फसवण्यापुरतं चिमूटभर झोंबरं काहीतरी घातलं होतं. अभ्यासाला परवानगी देणाऱ्या मुंबईच्या समितीतल्या सभासदांनी ते मनगटाला लावून 'हो, झोंबतं की' अशी मान्यता दिली होती. त्यातलं कुणीही मालवणात जेवलेलं नसावं.

सुरुवातीला सगळ्यांना माहितीपत्रक वाचून दाखवावं लागतं. मेबल सिस्टर उभ्या राहिल्या, बाकावर आमचे दहा-बारा रुग्ण आणि त्यांची माणसं. आमच्याकडे देवळात गाऱ्हाणं घालतात तेव्हा एक जण देवाला मोठ्याने एकेक गोष्ट सांगतो आणि जमलेले सगळे प्रत्येक वाक्याला होकार देतात. मेबल सिस्टरचा आवाज खणखणीत, वाक्यं लांब, आणि सरकारी मराठी. त्यांनी "या संशोधनातून आपणांस प्रत्यक्ष लाभ होईलच असे नाही" असं म्हणून श्वास घेतला मात्र, बाबुलीने हात जोडून आवाज दिला, "व्हय म्हाराजा!"

"मलमामुळे त्वचेची आग होऊ शकते."

"व्हय म्हाराजा!" आता अख्खा बाक.

"आपण केव्हाही, कारण न देता, सहभाग थांबवू शकता."

"व्हय म्हाराजा!"

"कोणाला कोणते मलम मिळेल ते चिठ्ठी टाकून ठरेल." या एका वाक्याला होकार जरा विस्कळीत आला. तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं. पण मी तेव्हा हसू दाबत होतो, कारण शेवटचं वाक्य संपल्यावर मेबल सिस्टर स्वतःच नकळत म्हणाल्या होत्या, "आमेन."

मग एकेकाला आत बोलावून पुन्हा नीट समजावून सह्या घेतल्या. ट्यूबा वाटल्या. लोक पहिलं बोट तिथेच लावून पाहत होते.

पुढच्या भेटीपासून चमत्कार सुरू झाला. सगळे सांगू लागले, झोंबतं. सगळे सांगू लागले, जरा बरं आहे. नूरभाई, ज्यांचं बोट ट्रॉलरच्या दोरात सापडलं होतं, ते त्याच बोटाने शर्टाची गुंडी लावून दाखवत होते. शेवंताकाकी कापूस सोसू लागल्या, मग पदर, मग पंचा. एकूण एक माणूस सारख्याच चालीने सुधारत होता. शहाण्या माणसाला इथे शंका यावी. मला आनंद झाला. निम्म्यांना फिकं मिळतंय हे विसरून मी गाडीत एकटाच गाणी म्हणू लागलो. माझ्या मनात परिषद, व्यासपीठ आणि पडद्यावर मालवणच्या बाकाचा फोटो इथपर्यंत सगळं तयार झालं.

मग एका भेटीला मी काकींना म्हटलं, "ट्यूब बघू, किती उरलंय."

काकींनी कमरेच्या पिशवीतून चुन्याची डबी काढली.

"ही चुन्याची डबी आहे," मी म्हणालो.

"व्हय."

"ट्यूब कुठे आहे?"

काकींनी बाबुलीकडे पाहिलं. बाबुलीने बाकाकडे पाहिलं. बाकावरच्या सगळ्यांनी समुद्राकडे पाहिलं. आणि माझ्या लक्षात आलं, की प्रत्येकाच्या हातात तसलीच एक डबी आहे.

"डॉक्टरानू, रागावशात?" बाबुलीने विचारलं.

"नाही."

"मेबल बाय रागावतली?"

"आधी सांगा," मेबल सिस्टर म्हणाल्या, "मग ठरवते."

"त्याचा काय झाला," बाबुली उभा राहिला, "पयल्या दिवसाक आमी हंयसरच लावन बघलंव. नूरभायच्या हातार वणवो पेटलो. शेवंतेच्या हाताक कायच नाय, पावडर लावल्यासारख्या. आमी सगळ्यांनी एकामेकांचा लावन बघलंव. अर्ध्यांका आग, अर्ध्यांका पावडर. मगे आमी म्हटलंव, ह्या काय बरोबर नाय."

"मग?"

"मगे किनाऱ्यार बसान सगळ्यांच्या ट्युबी एका टोपात पिळलंव, ढवळलंव, आणि वाटे घातलंव."

रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं प्रचंड जाळं. होडी ते समुद्रात अर्धगोल टाकून येते आणि किनाऱ्यावरचे लोक दोन्ही टोकांचे दोर ओढतात. मासे वाळूवर आले की वाटे पडतात. कुणाच्या बाजूने जास्त आले हे कुणी विचारत नाही. दोराला हात लावला त्याला वाटा. या माणसांनी आयुष्यभर तेच केलं होतं. त्यांच्या हाती अर्ध्या भरलेल्या, अर्ध्या रिकाम्या अशा नशिबाच्या ट्यूबा देऊन मी कुडाळला निघून गेलो होतो.

"माका एकट्याक येवडी आग घेवन काय करूची होती?" नूरभाई समजुतीने म्हणाले. "तिच्या चेडवाचा लगीन आसा."

"ह्या रघूचा म्हणणा होता, माशात घालतंव ता तिरफळ पण घालूया म्हणान," बाबुली बाकावरच्या एकाकडे बोट दाखवत म्हणाला. "पण आमी म्हटलंव नको. डॉक्टराच्या औषधात आपण हात घालूचो नाय."

आणि त्याने खिशातून आणखी एक डबी काढून माझ्यापुढे ठेवली. "हो तुमचो."

"माझा?"

"तुमी दोर वडतास मा आमच्यावांगडा? मगे? वाटो नको?"

माझा अभ्यास त्या टोपात बुडाला होता. आणि त्याच वेळी, मी काकींना फिकं मलम दिलं होतं आणि एका मासेमाराने स्वतःची आग त्यांना वाटून दिली होती, हे एकदमच अंगावर आलं. मी डबी उघडली, बोटाने मलम घेऊन मनगटाला लावलं. झोंबलं. व्यवस्थित झोंबलं. डोळे भरून आले म्हणून मी चष्मा काढला आणि त्याच बोटाने डोळे पुसले.

यानंतरचा भाग मी पाहू शकलो नाही, फक्त ऐकला. मेबल सिस्टर माझं डोकं नळाखाली धरून म्हणत होत्या, "हलू नका, हलू नका, लहान मूल आहात का?" कुणी खोबरेल तेल आणायला सांगत होतं, कुणी ताक. आणि या गोंधळातून बाबुलीचा आवाज आला, "डॉक्टरानू, धापैकी किती?"

"दहा!" मी ओरडलो.

"नऊ करा."

अख्खा बाक खो खो हसत सुटला. नळाखालून मीही हसत होतो, नाकातोंडात पाणी जात होतं.

चेहरा पुसून, लाल डोळ्यांनी, मी त्यांना समजवायला बसलो. हेही सांगायला हवं, कारण वाटे घालणाऱ्यांचं मन मोठं होतं म्हणून माझं म्हणणं चुकीचं ठरत नाही. मी म्हटलं, सगळ्यांना सारखंच दिलं तर मलमाने बरं झालं की काळाने, हे कधीच कळणार नाही. पुढच्याला काय सांगू?

"चिठ्ठी टाकूक आमची ना नाय," बाबुली म्हणाला. "आमी पण टाकतंव. पण आदी वाटे सारखे घालतंव, मगे चिठ्ठी. तुमी वाटे उणे-अदीक घातलात आणि चिठ्ठी टाकलात."

"ते उणे-अधिक असल्याशिवाय कळतच नाही हो!"

त्याला पटलं नव्हतं, मलाही त्याचं म्हणणं खोडता आलं नव्हतं. मध्येच बोलल्या त्या शेवंताकाकी.

"म्हणजे आमी तुमचा काम इस्कटलंव," त्या हळूच म्हणाल्या. "आता माझ्या हाताक कित्यान बरा वाटता, ता कळाचाच नाय."

"नाही कळणार."

"मगे असा करा. पुढच्या वेळाक माका फिका द्या. बाबुलीक सांगू नकात. पण चेडवाच्या लग्नानंतर."

मी म्हटलं, "काकी, या वेळी तुम्हाला फिकं गेलं, याचंच मला..."

"तुमका म्हायत होता?"

"नाही."

"मगे रडतास कित्याक? मिरची गेली म्हणान रडा."

समितीला कळवणं भाग होतं. फोनवर अध्यक्षबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग त्या कागद उलटू लागल्या. नियमभंगाचे त्यांच्याकडे रकाने होते. औषध घेतले नाही, जास्त घेतले, हरवले. 'समान वाटून घेतले' असा रकाना नव्हता. शेवटी मी ते 'इतर'मध्ये लिहिलं. अभ्यास बंद झाला. त्याची हुरहुर अजून आहे. कुणी परिषदेचं आमंत्रण पाठवलं की माझ्या डोळ्यांसमोर तो टोप येतो. एकच बरं झालं, आता सगळ्यांना खरं मलम साधा उपचार म्हणून देता आलं. पहिल्याच आठवड्यात बाक तक्रार घेऊन आला, "लयच झोंबता. जरा फिका मिसळून गावात?"

काकींनी पंच्यानंतर गोणपाट सोसलं, मग तांदळाच्या डब्यात हात खुपसून बोटं फिरवायला शिकल्या. पण बांगडी राहिली होती. आणि माझ्या अंगातलं ते 'करू' तसंच होतं.

चुड्याच्या दिवशी मला आणि मेबल सिस्टरना आमंत्रण होतं. अंगणात चटया, मध्ये कासार, त्याच्यासमोर हिरव्या बांगड्यांच्या माळा. नवरीचे हात भरले. मग काकी बसल्या. उजवा हात आधी. काकींनी डावा हात पुढे केला. मलम कधी लावलं, धुतलं कधी, हे माझं तीनदा विचारून झालं होतं.

कासाराने तळवा आवळला आणि काकी ओरडल्या, "आये गे!"

मी पुढे धावणार, इतक्यात शेजारच्या चटईवरून दुसरा आवाज आला, "आये गे मरान गेलंय!" ती काकींची जाऊ होती, तिच्या हातात कासाराचा भाऊ बांगडी चढवत होता. मग नवरीची मावशी ओरडली. मग आत्या. मग, सगळ्यांत मोठ्याने, मेबल सिस्टर. त्यांनाही आग्रहाने बसवलं होतं, आणि एरवी लोकांना शांत राहा म्हणणारी ही बाई कासाराला, "अरे हात आहे की सांडशी तुझा?" असं विचारत होती.

अंगणभर बायका ओरडत होत्या आणि हसत होत्या. मी मज्जातंतूंचा डॉक्टर. आयुष्य दुखण्याचे प्रकार ओळखण्यात गेलं. आणि मला त्या गलक्यातली कुठली किंकाळी आजाराची आणि कुठली निव्वळ चुड्याची, हे ओळखता येईना.

काकी उठल्या. दोन्ही हात भरलेले. डावा त्यांनी छातीशी धरला नव्हता, खाली सोडला होता.

"धापैकी किती गो?" बाबुलीने मांडवाच्या खांबाआडून विचारलं.

काकींनी मनगट जरासं हलवलं. बांगड्या वाजल्या. त्यांनी कपाळाला आठी घालून त्या आवाजाकडे क्षणभर कान दिला, मग अंगणातल्या सगळ्या लालबुंद हातांवरून नजर फिरवली.

"सगळ्यांच्या वाट्याक इला तितक्याच," त्या म्हणाल्या.